चिऊच्या छातीतली गाठ: चिपळूण ते परळ

ज्यांच्या हातात आत्ता सीटीचा रिपोर्ट आहे आणि त्यात ‘पोस्टीरियर मीडियास्टायनल मास’ (म्हणजे छातीच्या मागच्या भागात, कण्याजवळ गाठ) असं काहीतरी छापलेलं आहे, त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. गुहागर तालुक्यातल्या एका पतसंस्थेत कारकून आहे. तारखा लिहून ठेवायची आणि पावत्या जपायची सवय आहे, एवढंच. आमच्या मुलीवर जे उपचार झाले तेच तुमच्या मुलावर होतील असं मुळीच धरून चालू नका. का, ते पुढे येईल.

चिऊ (हे घरातलं नाव) जून २०२४मध्ये चौदा महिन्यांची होती. पाऊस लागला आणि तिला खोकला सुरू झाला. त्या दिवसांत आमच्याकडे घरटी एक पोर खोकत असतं, त्यामुळे गावातल्या डॉक्टरांचं सिरप, रात्री ओव्याची पुरचुंडी, असं चाललं होतं. ताप नव्हता. पहिली शंका आली ती सासूबाईंना. काजळ घालताना त्या म्हणाल्या, “गो, हिचा डावा डोला बारीक कसा दिसतो?” मला आधी काही दिसेना. मग बघत गेले तशी अजून एक गोष्ट दिसली. चिऊ जोरात रडली की तिचा उजवा गाल लालबुंद व्हायचा, डावा मात्र पांढराच राहायचा. अगदी मधोमध रेघ मारल्यासारखा.

२ जुलैला चिपळूणला बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी स्टेथोस्कोप लावायच्या आधी टॉर्च घेतला. डाव्या डोळ्याची पापणी खाली आलीय आणि बाहुलीही लहान आहे, हे त्यांनी आम्हाला दाखवलं. “खोकल्याचा आणि डोळ्याचा संबंध असू शकतो, छातीचा एक्स-रे काढून आणा,” म्हणाले. डोळ्याचा छातीशी काय संबंध हे आम्हाला कळेना. त्यांनी सांगितलं ते असं: पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी नसांची एक साखळी जाते. पापणी, बाहुली आणि चेहऱ्याचा घाम यांच्याकडे जाणारे तिचे धागे छातीच्या अगदी वरच्या भागातून मानेत चढतात. तिथे कशाचा दाब आला की त्याच बाजूचा डोळा असा दिसतो. एक्स-रेत डावीकडे वर, हृदयाच्या मागे, गोल सावली होती.

४ जुलैला सीटी झाला. इंजेक्शन देऊन करायचा, शिवाय बाळ हलू नये म्हणून झोपवायचं, असे मिळून ₹६,५०० गेले. रिपोर्टमध्ये साधारण पाच सेंटिमीटरची गाठ, कण्याला लागून, आत चुन्याचे बारीक ठिपके. कण्याच्या पोकळीत शिरलेली नाही, असंही लिहिलं होतं. त्या ओळीचं महत्त्व मला नंतर कळलं, कारण अशा गाठी कधी कधी मणक्यांमधल्या फटींतून आत शिरून मज्जारज्जूवर दाब आणतात आणि मग पायांतली ताकद जाऊ शकते. तुमचं मूल चालता चालता अचानक पाय टाकेनासं झालं, किंवा लघवी-शीवर ताबा राहिला नाही, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि सीटी झाला की फिल्मबरोबर सीडी मागून घ्या. मुंबईत पहिला प्रश्न सीडीचाच होतो.

पुढचा आठवडा माझ्या मते सगळ्या वर्षातला सर्वांत अवघड होता. उपचार नव्हते, निदान नव्हतं आणि सल्ले मात्र ढिगाने. एका सर्जननी फिल्म बघून “आठ दिवसांत काढून टाकू” सांगितलं. घरात सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं होतं. लेकराच्या छातीत गाठ आहे म्हटल्यावर ती आजच्या आज बाहेर यावी असंच वाटतं. चिपळूणचे डॉक्टर मात्र अडून बसले. “कापायच्या आधी ती कुठली आहे ते कळू दे. काही गाठींना ऑपरेशन लागतच नाही, काहींना ते शेवटी करतात.” त्यांनी टाटा हॉस्पिटलच्या नावाने चिठ्ठी दिली. सासऱ्यांनी ग्रामदेवतेला कौल लावला, मुंबईला न्यावं की नाही म्हणून. कौल उजवा आला. डावा आला असता तर घरात काय झालं असतं, त्याचा विचार मी करत नाही.

११ जुलैच्या रात्री तुतारी एक्स्प्रेसने निघालो आणि १२ला सकाळी दादरला उतरून टॅक्सीने परळ. पहिल्या दिवशी फक्त कागद झाले: केस पेपर, जनरल की प्रायव्हेट ते ठरवणं, पैसे भरून ठेवायचं स्मार्ट कार्ड, मग मुलांची ओपीडी. फाइलवरचा नंबर पाठ करून टाका, पुढे नावापेक्षा तोच जास्त वेळा विचारतात. त्या नंबरवर रिपोर्ट ऑनलाइनही दिसतात, त्यामुळे नुसता रिपोर्ट आला का हे बघायला रांगेत उभं राहावं लागत नाही.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं काम तिथल्या आरोग्यमित्रांकडे असतं. आमचं रेशनकार्ड केशरी, पण त्यावर चिऊचं नावच चढवलेलं नव्हतं. आधारही नव्हतं. जन्मदाखला घरी कपाटात. म्हणून १३ तारखेला नवरा कागद आणायला गावी गेला आणि १४ला रविवारी खेडजवळ दिवाणखवटीला रुळांवर दरड आली. कोकण रेल्वे बंद. तो रात्रभर एसटीने कशेडीमार्गे आला, पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कागद आणि आईने दिलेल्या भाकऱ्या. रेशनकार्डावर नाव चढवायचं काम पुढे धाकट्या दिरांनी गुहागर तहसीलच्या पुरवठा शाखेत केलं. पाच वर्षांच्या आतल्या मुलांचं निळं बाल आधार असतं, त्याला बोटांचे ठसे लागत नाहीत. आई किंवा वडिलांचं आधार आणि जन्मदाखला पुरतो. घरात बाळ असेल आणि ही दोन कामं राहिली असतील तर आजाराची वाट बघू नका, पुढच्या सोमवारी करून टाका.

तपासण्या सुरू झाल्या. पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी कागदावर छातीचे तीन भाग काढून दाखवले. पुढच्या भागात मुलांमध्ये बहुधा थायमस ग्रंथीच्या, लिम्फोमाच्या (लसिकापेशींचा कॅन्सर) किंवा जर्म सेल गाठी सापडतात. मधल्या भागात लसिकाग्रंथी. मागच्या भागात, कण्याला लागून, नसांपासून झालेल्या. त्यातली लहान मुलांमधली नेहमीची म्हणजे न्यूरोब्लास्टोमा (नसांच्या कच्च्या पेशींचा कॅन्सर), आणि तिचे बहुतेक रुग्ण पाच वर्षांच्या आतले. शिवाय बरगडीतून उठणारी युइंग सार्कोमा असते, खुद्द फुफ्फुसातली प्ल्युरोपल्मनरी ब्लास्टोमा असते. प्रत्येकीचा रस्ता वेगळा. वॉर्डात पुढे हे डोळ्यांनी पाहिलं. चिऊच्या शेजारच्या खाटेवरच्या मुलाची गाठ हिच्यापेक्षा दुप्पट मोठी, पण लिम्फोमा, म्हणून त्याला ऑपरेशनच नव्हतं, नुसत्या औषधांवर ती झपाट्याने वितळत गेली. समोरच्या बरगडीवाल्या मुलीला मात्र केमो, मग ऑपरेशन, पुन्हा केमो असा लांबचा रस्ता होता. आम्ही तिघी आया एकमेकींच्या फाइली बघून तुलना करायचो आणि नर्स ओरडायच्या. त्यांचं बरोबर होतं.

लघवीची तपासणी साधी वाटते, पण चौदा-पंधरा महिन्यांच्या मुलीची लघवी पिशवीत गोळा करणं हे जिने केलंय तिलाच माहीत. या गाठी काही रसायनं तयार करतात आणि त्यातलं व्हीएमए लघवीत उतरतं, ते मोजतात. आम्हाला आधी केळं बंद करायला सांगितलं होतं.

१९ जुलैला एकाच भुलीत गाठीचा तुकडा, दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडांतून बोनमॅरो आणि हातातून पिक लाइन (औषधं देण्यासाठी शिरेत ठेवायची लांब नळी) अशी तिन्ही कामं झाली. हे एकत्र होतं का, ते विचारून घ्या. बाळाला तीनदा उपाशी ठेवणं वाचतं. उपाशी ठेवायचा हिशेब असा: वरचं दूध किंवा खाणं सहा तास आधी बंद, अंगावरचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास. चिऊ तेव्हा अंगावर पीत होती, त्यामुळे पहाटे तीनला गजर लावून तिला पाजलं.

मग एमआयबीजी स्कॅन, २२ आणि २३ जुलैला. एमआयबीजी हे किरणोत्सर्गी आयोडीन जोडलेलं औषध न्यूरोब्लास्टोमाच्या पेशी शोषून घेतात, त्यामुळे गाठ अंगात आणखी कुठे पसरली आहे का ते दिसतं. एक दिवस इंजेक्शन, दुसऱ्या दिवशी स्कॅन. थायरॉइडचं रक्षण व्हावं म्हणून आदल्या दिवसापासून आयोडीनचे थेंब द्यावे लागतात, चव भयंकर, आम्ही मोसंबीच्या रसातून दिले. तिथल्या तंत्रज्ञांनी विचारलेला एक प्रश्न लक्षात ठेवण्यासारखा आहे: सर्दीचं कुठलं सिरप चालू आहे का? नाक मोकळं करणाऱ्या सिरपमधली फिनाइलएफ्रिनसारखी औषधं या स्कॅनला बाधतात. गावातल्या डॉक्टरांचं सिरप मी पिशवीत आणलं होतं, त्यामुळे बाटलीवरचं नाव दाखवता आलं. चालू असलेलं प्रत्येक औषध बाटलीसकट घेऊन जा.

या सगळ्या काळात आम्ही दिव्याला भाऊजींच्या खोलीवर राहत होतो. दहा बाय बाराची खोली, त्यांची चार माणसं, आमची तीन. जाऊबाईंनी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. पण केमो सुरू झाल्यावर लोकलच्या गर्दीतून बाळाला आणणं बरं नाही, असं समाजसेवा विभागातल्या ताईंनी सांगितलं आणि त्यांनीच चिठ्ठी दिली. परळ-दादर भागात टाटाच्या रुग्णांसाठी सोयी आहेत: दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा, परळला नाना पालकर स्मृती समितीचं सदन, आणि फक्त मुलांसाठी सेंट ज्यूडची केंद्रं. सेंट ज्यूडमध्ये प्रत्येक कुटुंबाला खोली, सामायिक स्वयंपाकघर असतं आणि पैसे घेत नाहीत. आम्हाला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तिथे जागा मिळाली. या सगळीकडे जायचा रस्ता समाजसेवा विभागातूनच जातो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्या टेबलापाशी जाऊन बसा.

रिपोर्ट तुकड्यातुकड्याने आले. २६ जुलैला: न्यूरोब्लास्टोमा. बोनमॅरो स्वच्छ. स्कॅनमध्ये गाठीखेरीज कुठेही काही नाही. तरी उपचार सुरू होईनात, कारण मायसीएन नावाच्या जनुकाचा रिपोर्ट यायचा होता. नवरा चिडला. “नाव कळलं, आता कशाला थांबलेत?” सासऱ्यांचा रोज फोन, की तो सर्जन तर आठ दिवसांत करणार होता. मला स्वतःला त्या दिवसांत रात्री झोपलेल्या चिऊच्या छातीवर हात ठेवून बसायची सवय लागली होती. काही कळायचं नाही हाताला. पण त्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतील तर तीच गाठ, त्याच आकाराची, एकदम जोराची धरतात आणि उपचार कितीतरी पटीने कडक होतात. वाढलेल्या नसतील तर सौम्य उपचारांवर भागतं. म्हणजे त्या एका कागदावर पोरीला किती औषध सोसावं लागणार हे ठरणार होतं. १ ऑगस्टला आला. वाढलेलं नाही.

२ ऑगस्टला डॉक्टरांनी आम्हा दोघांना बसवून सगळं समजावलं. आदल्या दिवशी त्यांच्या बैठकीत सर्जन, औषधवाले, रेडिएशनवाले, स्कॅनवाले, सगळ्यांनी मिळून फाइल पाहिली होती. एका जागी असलेल्या गाठींचे दोन प्रकार करतात. ज्या महत्त्वाच्या रक्तवाहिन्या किंवा नसांना न वेढता बसलेल्या असतात त्या एल-१. वेढून बसलेल्या एल-२. चिऊच्या गाठीने डाव्या हाताकडे जाणारी मोठी धमनी कवटाळली होती. म्हणून एल-२. वय दीड वर्षाच्या आत, ही जमेची बाजू. या आजारात अठरा महिन्यांची रेषा खरंच मानतात. गाठ छातीत असणं हेही पोटातल्यापेक्षा बरं.

मग पर्याय. एल-१ असती तर नुसतं ऑपरेशन, बहुतेकांना पुढे काहीच लागत नाही. आमच्यासाठी पहिला पर्याय लगेच ऑपरेशन, पण धमनीला आणि हाताच्या नसांना इजा व्हायची भीती मोठी. दुसरा, सौम्य केमोचे दोन कोर्स द्यायचे, सीटी करायचा, गरज पडली तर आणखी दोन, आणि गाठ आक्रसली की जपून काढायची. तिसरा ऐकून आम्ही चक्रावलो: काहीच न करता लक्ष ठेवायचं. अगदी लहान बाळांत ही गाठ कधी कधी आपोआप विरते किंवा शांत, निरुपद्रवी होऊन बसते. वर्षाच्या आतलं बाळ आणि छोटी गाठ असेल तर तसं थांबतात, आणि परदेशात काही अभ्यासांत दीड वर्षापर्यंतच्या, चांगल्या रिपोर्टच्या एल-२ मुलांतही थांबून पाहिलंय. चिऊची श्वासनळी थोडी दाबली गेली होती, खोकला होता, त्यामुळे त्यांना थांबायचं नव्हतं.

भाऊजींनी सांगून ठेवल्याप्रमाणे मी रेडिएशनचं विचारलं. या गटात देत नाहीत, म्हणाले. वाढत्या मुलीच्या कण्यावर, हृदयावर, फुफ्फुसावर त्याचे परिणाम वर्षांनी दिसतात आणि दुसरा कॅन्सर व्हायचाही धोका असतो. जिथे त्याशिवाय गत्यंतर नाही तिथे देतात. अशा गटातल्या मुलांत दहातली नऊहून जास्त बरी होतात, हेही त्यांनीच सांगितलं, मी विचारायची हिंमत केली नव्हती.

मी जे प्रश्न वहीत लिहून नेले होते त्यातला एक फार उपयोगी पडला: यापेक्षा कमी उपचारांत भागेल का, आणि भागणार नसेल तर का नाही? आपल्याकडे जास्त औषध म्हणजे जास्त काळजी असं समजतात. या आजारात डॉक्टर मंडळी गेली कित्येक वर्षं उलट्या दिशेने, चांगल्या गटातल्या मुलांचे उपचार कमी करत आलेली आहेत, आणि ते घरच्यांच्या गळी उतरवणं हे माझं खरं काम झालं. चुलत सासऱ्यांनी तर “सरकारी योजनेत आहात म्हणून कमी देतात” असा शोध लावला. औषधाचा डोस योजना ठरवत नाही, हे त्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकवावं लागलं, स्पीकरवर.

आम्ही दुसरा पर्याय घेतला. ७ ऑगस्टला पहिला कोर्स. कार्बोप्लॅटिन आणि इटोपोसाइड, तीन दिवस सलाइनमधून, दर एकवीस दिवसांनी. त्याआधी झोपवून कानांची बेरा तपासणी केली, कारण कार्बोप्लॅटिनने ऐकू येणं कमी होऊ शकतं आणि आधीचा रिपोर्ट नसेल तर नंतर तुलना कशाशी करणार. उलट्या फारशा झाल्या नाहीत. केस दुसऱ्या कोर्सनंतर उशीवर येऊ लागले. त्याचं मला काही वाटलं नाही, जावळ काढायचंच होतं. पिक लाइन ओली होऊ नये म्हणून आंघोळ हे रोजचं महाभारत. खाण्याबद्दल मी विचारलं, मासळी चालेल का? ताजी आणि पूर्ण शिजलेली चालेल, सुकट नको, कच्चं काहीही नको. तेव्हा श्रावणच होता, त्यामुळे सासूबाईंचा धर्मही राहिला.

सगळ्यात मोठा नियम तापाचा. केमोनंतर साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवशी पांढऱ्या पेशी तळाला जातात. ताप १००.४ किंवा वर गेला की घरी औषध न देता तडक हॉस्पिटल, आणि तासाभरात अँटिबायोटिक लागलं पाहिजे. फ्रिजवर चिकटवावा असा नियम आहे हा. दुसरा कोर्स २८ ऑगस्टला, आणि गणपती ७ सप्टेंबरला. हिशेब तुम्हीच करा. आमच्या घरचा गणपती गौरीबरोबर जातो, नवरा थोरला, पूजा त्याची. गावी सगळ्यांचं म्हणणं, दोन दिवस आणा पोरीला, बाप्पासमोर ठेवा. घरापासून चिपळूण दीड तास, आणि अशा बाळाला लागेल ते सगळं तिथेही असेल की नाही कोणाला ठाऊक. त्यात चाकरमान्यांनी तुंबलेला मुंबई-गोवा महामार्ग. मी नाही म्हटलं. नवरा एकटा गेला, मी आणि चिऊने व्हिडिओ कॉलवर आरती केली, नेटवर्क गेल्यामुळे ‘घालीन लोटांगण’ राहिलंच. ९ सप्टेंबरला संध्याकाळी अंग तापलं, १०१. टॅक्सीने पंधरा मिनिटांत तातडीच्या विभागात पोचलो. पेशी जवळजवळ नाहीत असा रिपोर्ट. १४ तारखेपर्यंत आत होतो. बाकी काही निघालं नाही, ताप उतरला. गावी पुन्हा कोणी तो विषय काढला नाही.

२४ सप्टेंबरच्या सीटीत गाठ पाचाची तीन सेंटिमीटर झाली होती आणि धमनीपासून बऱ्यापैकी सुटली होती. आणखी केमो नको, ऑपरेशन करू, असं ठरलं.

८ ऑक्टोबरला ऑपरेशन. रक्तदाते हवे होते, ते आमच्या गावच्या मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाने पाठवले. दोन मागितले तर पाच पोरं आली. संमतिपत्रावरचे धोके शांतपणे वाचा, समजलं नाही ते विचारा. आमच्यात रक्तस्राव, हाताची कमजोरी, पापणी आणखी खाली येणं आणि छातीत दुधासारखा द्रव साचणं असं होतं. हा शेवटचा प्रकार म्हणजे चरबी वाहणारी नलिका दुखावली तर होतो, म्हणून दूध सुरू केल्यावर नर्स नळीतल्या पाण्याचा रंग बघत. रंग बदलला नाही. काखेखालून चीर, साडेचार तास. बाहेर आल्यावर सर्जननी सांगितलं की धमनीवर एक पातळ पापुद्रा चिकटलेला होता, तो मुद्दाम ठेवलाय. तो खरवडण्यात धोका जास्त आणि या गटात तेवढं राहिल्याने फरक पडत नाही.

हे मला २ ऑगस्टलाच सांगितलेलं होतं, तरी ऐकताना पोटात गोळा आला. सासऱ्यांना फोनवर सांगितलं तर पहिला शब्द, “म्हणजे राहिलीच ना?” त्यांना काय सांगावं हे मला त्या दिवशी सुचलं नाही. नळी चौथ्या दिवशी निघाली, दसऱ्याला. १५ ऑक्टोबरला सुटी. आठवडाभराने गाठीचा रिपोर्ट आला: बहुतेक भाग मेलेला, उरलेल्या पेशी परिपक्व होत चाललेल्या. यापुढे उपचार नाहीत, फक्त तपासण्या. नवऱ्याने तो कागद व्हॉट्सॲपवर वडिलांना पाठवला आणि खाली मराठीत अर्थ लिहिला. ते तो आजही लोकांना दाखवतात.

खर्चाचं लोक विचारतात म्हणून लिहिते. केमो आणि ऑपरेशन योजनेत बसलं. निदान पक्कं होण्याआधीच्या तपासण्या आमच्या खिशातून. त्या, प्रवास, मुंबईतलं खाणंपिणं, वरची औषधं असं सगळं धरून माझ्या वहीत ₹१,४०,०००च्या आसपास बेरीज आहे. नवऱ्याचं वायरिंगचं काम जवळजवळ बंद होतं आणि मी बिनपगारी रजेवर, ते वेगळं. जे योजनेत बसत नाही त्यासाठी मुख्यमंत्री सहायता निधीकडे अर्ज करता येतो. त्याला रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, वार्षिक उत्पन्न ₹१.६० लाखांच्या आत. रेल्वेची सवलत मात्र सगळ्यांना आहे आणि बऱ्याच जणांना माहीत नसते: कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण तिकीट माफ, सोबतच्या एका माणसाला तिथे ७५ टक्के. रुग्णालयातून ठरावीक नमुन्यातला दाखला भरून घ्यायचा आणि तिकीट खिडकीवरच काढायचं. खिडकीवरच्या माणसाला घाई असते, तेव्हा झेरॉक्स तयार ठेवा.

चिऊची पापणी अजून थोडी खाली आहे, तशीच राहील बहुधा. डोळ्यांच्या डॉक्टरांना दर सहा महिन्यांनी दाखवतो, तो डोळा आळशी होऊ नये म्हणून. रडताना गाल अजूनही एकच लाल होतो. डावा हात व्यवस्थित चालतो, त्याच हाताने ताटं फेकते. जानेवारी आणि एप्रिल २०२५च्या तपासण्या झाल्या, लघवी आणि सोनोग्राफी ठीक, एप्रिलच्या एमआरआयमध्ये तो पापुद्रा आहे तेवढाच.

लसींचं राहिलं. केमो चालू असताना जिवंत जंतूंच्या लसी देत नाहीत, त्यामुळे गोवर-रुबेलाचा दुसरा डोस मागे पडला होता. शेवटच्या केमोनंतर सहा महिने झाल्यावर द्या, असं डॉक्टरांकडून लेखी आणलं होतं. अंगणवाडीत लसीकरणाच्या दिवशी नर्सबाईंनी कार्ड बघून “एवढा उशीर?” म्हणून मला फैलावर घेतलं. पत्र दाखवलं, त्यांनी ते पूर्ण वाचलं, डोस दिला आणि पत्राची एक झेरॉक्स त्यांच्या रजिस्टरला लावायला मागितली. तेव्हापासून मी त्याच्या चार प्रती पिशवीत ठेवते. पुढची तारीख जुलैत आहे, तुतारीचं तिकीट काढून झालंय.